थांबण्याची ऐपत

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने किमान शंभर चौरस मीटरच्या मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. वाइन ही दारू नव्हे, ते द्राक्षबागायतदाराच्या मालाचे पक्के रूप आहे, असे एका पक्षाने सांगितले. किराणा सामानाच्या शेजारी बाटली मांडली की ती घरात शिरणारच, असे दुसऱ्या पक्षाने बजावले. उपोषणाचे इशारे दिले गेले, आंदोलने झाली. अखेर निर्णयाची अंमलबजावणी झाली नाही आणि वादही हळूहळू निवला. या सगळ्या गदारोळात बाटलीत काय आहे यावर इतके बोलले गेले, की ते बाटलीत येते कसे, याकडे लक्ष देण्यास कोणालाच सवड झाली नाही.

वैनगंगेच्या खोऱ्यातील वाचकाला हा विषय दूरचा वाटेल. गोसीखुर्दच्या परिसरात द्राक्षाचे मळे नाहीत. येथे धान पिकते आणि रानात मोह फुलतो. परंतु तांबडी वाइन ज्या रीतीने तयार होते, तिच्यात अर्थशास्त्रातील एक मूलभूत सत्य दडलेले आहे, आणि ते नाशिकपेक्षाही भंडारा जिल्ह्याला अधिक लागू पडणारे आहे. त्यासाठी वाइन पिण्याची गरज नाही. ती कशी होते एवढे समजून घेतले तरी पुरे.

रंग सालीचा, मोल काळाचे

नाशिक भागात वाइनसाठी लावलेली द्राक्षे साधारणतः जानेवारीअखेरीपासून मार्चपर्यंत खुडली जातात. काबर्ने सोव्हिन्यॉं, शिराझ या तांबड्या वाइनच्या जाती. खाण्याच्या द्राक्षांपेक्षा यांचा मणी लहान, साल जाड आणि बिया ठसठशीत. पुष्कळांना ठाऊक नसते, की बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस काळा वा तांबडा नसतोच; तो जवळजवळ पांढरा असतो. रंग सालीत असतो. म्हणूनच पांढऱ्या वाइनसाठी रस काढून साली लगेच वेगळ्या करतात, तर तांबड्या वाइनसाठी देठ काढून मणी फोडतात आणि रस, गर, बिया व साली असे सगळेच टाकीत राहू देतात.

मग यीस्टचे काम सुरू होते. हे सूक्ष्म जीव रसातील साखर खातात व तिचे मद्यार्क आणि कर्बवायू यांत रूपांतर करतात. एका लिटर रसात सुमारे २२० ग्रॅम साखर असेल, तर तिच्यातून तेरा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क तयार होतो. टाकीतले तापमान साधारण २५ ते ३० अंशांच्या दरम्यान राखावे लागते. ते फार चढले तर यीस्ट मरते आणि काम अर्धवट राहते. वायूच्या जोराने साली वर येऊन त्यांचा जाड थर जमतो. तो दिवसातून दोन-तीन वेळा खाली दाबावा लागतो, किंवा खालचा रस उपसून त्याच्यावर ओतावा लागतो. तसे केले नाही तर रंग उतरत नाही आणि वरचा थर आंबून बिघडतो. आठवडा ते दोन आठवडे असे गेल्यावर रस निथळून घेतात व चोथा दाबतात.

येथे वाइन तयार झाली असे वाटेल; पण ती अद्याप कच्ची, तुरट आणि आंबट असते. यानंतर जीवाणूंच्या साहाय्याने दुसरा पालट होतो. कच्च्या सफरचंदात जे तीव्र मॅलिक आम्ल असते, त्याचे दह्यातल्यासारख्या सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर होते. मग गाळ खाली बसू द्यायचा, वरचे निवळ दुसऱ्या भांड्यात घ्यायचे, पुन्हा बसू द्यायचे. उंची वाइन ओक लाकडाच्या पिंपात महिनोन्‌महिने ठेवतात. फ्रान्समधील बोर्दोच्या पद्धतीचे पिंप २२५ लिटरचे असते. लाकडातून अगदी थोडी हवा आत जाते, तुरटपणा मऊ होतो. काही भाग उडून जातो, म्हणून पिंप वेळोवेळी भरून काढावे लागते. स्पेनमधील रिओखा प्रांतात ‘ग्रान रेसेर्व्हा’ हे नाव लावावयाचे असेल तर तांबडी वाइन एकूण पाच वर्षे ठेवलेली असली पाहिजे, असा नियमच आहे. तेथे थांबण्याची नोंद कायद्याच्या वहीत होते आणि तिची किंमत बाटलीवर छापली जाते.

प्रत्येक वाइन जुनी झाल्याने चांगली होते असे मात्र नव्हे. जगातील बहुतेक वाइन दोन-चार वर्षांतच पिऊन संपते, आणि निष्काळजीपणे ठेवलेली वाइन आंबते. तात्पर्य, नुसते थांबून भागत नाही. योग्य माल, योग्य जागी, योग्य काळ थांबवावा लागतो. यासाठी टाकी हवी, थंडावा हवा, पिंपे हवीत, जाणकार हवा. आणि या सर्वांच्या आधी, माल विकला गेला नाही तरी तोवरचा खर्च भागवणारे भांडवल हवे.

रिकार्डोचे कोडे

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो याला नेमक्या याच गोष्टीने सतावले होते. वस्तूचे मूल्य तिच्यात घातलेल्या श्रमावर ठरते, हा त्याच्या विवेचनाचा पाया. परंतु १८२३ साली, मृत्यूच्या काही आठवडे आधी, मॅक्‌कलक याला लिहिलेल्या पत्रात त्याने मोकळेपणाने कबूल केले, की तळघरात तीन-चार वर्षे ठेवलेल्या वाइनची अडचण आपल्याला सुटत नाही. त्या वर्षांत तिच्यावर कोणी श्रम करीत नाही. तरीही तिची किंमत वाढते. ही वाढ येते कोठून? पुढे बोम-बावेर्क, विक्सेल यांनी भांडवल व व्याज यांचा विचार करताना या मुरणाऱ्या वाइनचाच दाखला पुनःपुन्हा घेतला. त्यांच्या उत्तरांत मतभेद आहेत. पण सामान्य माणसाच्या उपयोगाचा निष्कर्ष एकच आहे. काळ हाही उत्पादनाचा घटक आहे, आणि ज्याच्याजवळ थांबण्याची ऐपत आहे त्यालाच त्याचा मोबदला मिळतो.

नाशिकचा इतिहास हेच सांगतो. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे स्वतंत्र धोरण आखले. अबकारी शुल्कात सूट दिली, परवान्यांची वाट सोपी केली. विंचूर येथे व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन उद्यानांसाठी औद्योगिक विकास महामंडळाने जागा दिल्या. पुढे विक्रीवरील वीस टक्के करापैकी सोळा टक्के उद्योगाला परत देण्याची योजनाही आली. उत्साहाच्या भरात कितीतरी शेतकऱ्यांनी वाइनच्या जाती लावल्या. परंतु २००८च्या सुमारास मागणी मंदावली, टाक्या भरलेल्या राहिल्या, आणि कारखान्यांनी द्राक्षे उचलणे कमी केले. वाइनची द्राक्षे खाण्याच्या बाजारात चालत नाहीत. वेलीवरचा माल थांबत नसतो. कित्येकांनी बागा उपटून टाकल्या.

त्याच सुमारास नारायणगावची शॅंपेन इंडेज, जिने १९८०च्या दशकात या राज्यात या धंद्याचा पाया घातला, ती कर्जाच्या बोजाखाली कोसळली. याउलट नाशिकच्याच सुला या कंपनीने तग धरला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात आले. एकाच जिल्ह्याच्या आसपासच्या हवेत व मातीत ही फळे वाढली. मग भाग्ये निराळी का ठरली? कारणे अनेक असतील. पण जो उद्योग मुरण्यावर चालतो त्याला घाईचे कर्ज मानवत नाही, हे त्यांतले एक कारण निश्चित आहे. आणि दोन्ही प्रसंगी एक गोष्ट समान राहिली. थांबण्याचे मोल मिळो वा बुडो, तो व्यवहार कारखान्याचा होता. पाऊण लिटरच्या बाटलीला सुमारे सव्वा किलो द्राक्षे लागतात. त्या सव्वा किलोचा दर बागायतदाराला खुडणीच्या वेळी मिळतो; पिंपातल्या वर्षांचा दर त्याच्या वाट्याला येत नाही.

आपल्या घरची मुरवण

आता वैनगंगेच्या काठी या. मुरल्याने मोल वाढणारी वस्तू येथे नाही, असे कोण म्हणेल? जुन्या तांदळाचा भात मोकळा होतो, पाणी अधिक घेतो, फुलतो. नव्या तांदळाचा भात चिकट होतो. म्हणून वाण्याच्या दुकानात जुन्या तांदळाला नव्यापेक्षा चढा भाव असतो. कुळाचार जाणणारी गृहिणी पाहुण्यांसाठी जुनाच तांदूळ काढते. हा फरक बियाण्याचा नव्हे, काळाचा आहे. सुवासिक चिन्नोर तर या खोऱ्याचा अभिमान. ‘भंडारा चिन्नोर’ या तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे नाशिकच्या वाइनला जो नावाचा मान आहे तो आपल्या तांदळालाही आहे. वाण आहे, नाव आहे, मुरल्याने वाढणारा गुण आहे. नाही ती मुरवण्याची ऐपत.

दिवाळीच्या आसपास धान कापले जाते. त्याच वेळी खताची उधारी, मजुरी, मुलांची फी, सोयऱ्यांचे देणे दारात उभे असते. शासकीय खरेदी केंद्र उघडून चुकारा हातात पडेपर्यंत ज्याला धीर धरता येतो, त्याला आधारभूत भाव मिळतो. ज्याला येत नाही, त्याचे धान त्याआधीच व्यापाऱ्याच्या वखारीत जाते. ते तेथेच मुरते. वर्षभराने जुना तांदूळ म्हणून चढ्या भावाने विकले जाते ते हेच धान. शेतकऱ्याने पिकवले, पण काळ व्यापाऱ्याने पिकवला.

मोहफुलाची कथा याहून करुण आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. भूमिहीन मजुरांच्या व आदिवासींच्या घरातील बाया-पोरे तो वेचतात, उन्हात वाळवतात. वाळलेल्या फुलात अर्ध्याहून अधिक साखर असते. मात्र पावसाळ्याची ओल लागली की सारे बुरशीने काळे पडते. कोरडी जागा नाही आणि घरात पैसा नाही, म्हणून फुले उन्हाळ्यातच स्वस्तात विकली जातात. आणि अनेकदा तीच कुटुंबे गरजेपुरती फुले पुढे चढ्या भावाने विकत घेतात. कायद्यानेही येथे दीर्घकाळ गरिबाच्या विरुद्ध बाजूला वजन टाकले. राज्याच्या १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली मोहफुलांचा साठा व वाहतूक यांवर परवान्याचे बंधन होते. ते २०२१ मध्ये शिथिल झाले. हेतू दारू रोखण्याचा असेल. परंतु साठा करण्यास बंदी म्हणजे थांबण्यास बंदी, आणि थांबण्यास बंदी म्हणजे पडेल भावाने विकण्याची सक्ती, हे कोणी ध्यानात घेतले नाही. द्राक्ष मुरवणाऱ्याला करसवलत आणि मोह वाळवणाऱ्याला परवान्याची भीती, असा हा न्याय कित्येक वर्षे चालला.

यावर कोणी म्हणेल, की मोहाचा पुरस्कार म्हणजे दारूचा पुरस्कार. तसे मुळीच नाही. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली व २०२१ मध्ये उठवली गेली. या लढ्यांमागे स्त्रियांनी सोसलेले हाल आहेत आणि त्यांची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रश्न फूल आंबवण्याचा नसून ते राखण्याचा आहे. वनहक्क कायद्याने २००६ मध्ये गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मान्य केली. मालकी आहे, पण माल चार महिने ठेवण्यास छप्पर नाही, तर ती मालकी कागदावरची.

दोन प्रकारचे थांबणे

याच खोऱ्यातील माणसांना थांबणे ठाऊक नाही, असे मात्र कोणी समजू नये. गोसीखुर्दच्या इंदिरासागर प्रकल्पाची पायाभरणी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. त्या वेळचा अंदाज सुमारे ३७२ कोटी रुपयांचा होता. भंडारा, नागपूर व चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून अडीच लाख हेक्टर जमीन भिजावी, असा संकल्प होता. २००९ मध्ये हा राष्ट्रीय प्रकल्प ठरला. खर्चाचा अंदाज पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. पायाभरणीच्या दिवशी जन्मलेल्या मुलाने पस्तिशी ओलांडली आहे. पण कालव्यांची व पाटचाऱ्यांची वाट पाहणारी शेते अद्यापही आहेत. ज्यांची गावे बुडिताखाली गेली, त्यांनी मोबदल्यासाठी व नव्या गावठाणातील सोयींसाठी किती चकरा मारल्या, याचा हिशेब वेगळाच.

रिकार्डोच्या तळघरातील वाइन थांबली आणि महाग झाली. गोसीखुर्दचा शेतकरी थांबला आणि गरीब झाला. दोन्हीकडे वर्षेच गेली. मग फळ उलटे का? कारण पहिले थांबणे मालकाच्या इच्छेचे आहे. त्याचा माल त्याच्या ताब्यात आहे आणि त्याचे पोट त्यावर अवलंबून नाही. दुसरे थांबणे लादलेले आहे. भांडवलदाराच्या प्रतीक्षेवर व्याज चढते ते त्याच्या नावे. गरिबाच्या प्रतीक्षेवर व्याज चढते ते सावकाराच्या नावे. विकासाच्या चर्चेत हा भेद सहसा केला जात नाही. ‘थोडा धीर धरा’ असा उपदेश ज्याला केला जातो, त्याला धीराचे भाडे कोण देणार, हे उपदेशकाने सांगितले पाहिजे.

धरण म्हणजे तरी काय? पावसाळ्यातले पाणी उन्हाळ्यापर्यंत थांबवून ठेवण्याची सोय. पाणी थांबले तर त्याचे मोल वाढते, हे शासनाला पटले म्हणून एवढा पैसा ओतला गेला. तेच तत्त्व त्या पाण्यावर पिकलेल्या धानाला लावण्यास कोणती अडचण आहे? पाणी साठवायचे सरकारने आणि धान साठवायचे व्यापाऱ्याने, या वाटणीत सिंचनाचा लाभ शेवटी कोणाच्या हाती पडणार, हे सांगावयास पंडित नको.

हिशेब करून पाहू

उपाय अगदीच अपरिचित नाही. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवावा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज १८० दिवसांसाठी सहा टक्के व्याजाने घ्यावे, भाव आला की विकावा, असे तिचे स्वरूप. समजा, एका शेतकऱ्याकडे वीस क्विंटल धान आहे आणि भाव क्विंटलला २,३०० रुपये आहे. मालाची किंमत ४६,००० रुपये. तारण कर्ज ३४,५०० रुपये. सहा महिन्यांचे व्याज १,०३५ रुपये, म्हणजे क्विंटलमागे अवघे ५२ रुपये. तेवढीच रक्कम त्याने शेकडा दरमहा तीन रुपयांनी खासगीत उचलली, तर सहा महिन्यांचे व्याज ६,२१० रुपये, म्हणजे क्विंटलमागे ३१० रुपये होते. गोदामभाडे व वाळून घटणारे वजन दोन्हीकडे सारखेच. एकच धान, एकच काळ. पण एकाला थांबणे परवडते, दुसऱ्याला परवडत नाही. ऐपत ऐपत म्हणतात ती बहुधा या २५८ रुपयांच्या फरकात असते.

मग ही योजना घरोघरी का पोचत नाही? गोदाम तालुक्याला आणि शेत तीस किलोमीटरवर असेल, तर पाच पोती घेऊन कोणी जात नाही. शिवाय १८० दिवस धानाचा हंगामी भाव गाठण्यास पुरतील, जुना तांदूळ करण्यास पुरत नाहीत. तेव्हा तीन गोष्टी कराव्या लागतील. लाभक्षेत्रातील मोठ्या गावी सेवा सहकारी संस्थेच्या ताब्यात लहान, कोरडी, सोंडे-उंदरांपासून सुरक्षित गोदामे उभारावीत. मानांकित चिन्नोरसाठी तारणाची मुदत एक वर्षाची करावी. आणि मोहफुलांवर हीच सोय ग्रामसभेच्या किंवा बचत गटाच्या नावे मिळावी. धरणावरील खर्चाच्या मानाने ही रक्कम फार मोठी असणार नाही.

नोकरदार वाचकाच्या मनात एक शंका येईल. शेतकरी माल रोखून धरू लागला तर तांदूळ महाग होणार नाही काय? ही साठेबाजीच नव्हे काय? शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर साधे आहे. माल आजही साठवला जातोच. तो थोड्या हातांत साठवला जातो म्हणून भाव त्यांच्या इच्छेने चढतात. तोच साठा हजारो लहान हातांत विखुरला, तर संगनमत अवघड होते आणि बाजारात माल वर्षभर सारखा येत राहतो. धोका आहे तो दुसराच. थांबून भाव पडलाही असता, आणि निष्काळजीपणे ठेवलेले धान किडलेही असते. नाशिकमध्ये २००८ नंतर जे घडले ते विसरता येणार नाही. म्हणून सगळे धान थांबवावे असे नव्हे. निम्मे विकून देणी भागवावीत व निम्मे राखावे, एवढी निवड शेतकऱ्याच्या हाती असली म्हणजे झाले.

वाइन दुकानात ठेवावी की नाही, हा वाद पुन्हा केव्हातरी निघेल. त्या वेळी दोन्ही पक्षांनी शेतकऱ्याचे नाव घेतले, तर त्यांना एक प्रश्न विचारावा. मुरण्याने जे मोल वाढते, त्यातला किती भाग पिकवणाऱ्याला मिळतो? नाशिकच्या द्राक्षाबाबत याचे उत्तर समाधानकारक नाही. पवनी-लाखांदूरच्या धानाबाबत तर हा प्रश्न अद्याप विचारलाच गेलेला नाही. गोसीखुर्दचे पाणी शेतात पोचू लागले, की धानाची पोती वाढतील. ती पोती कोणाच्या छपराखाली जुनी होणार, हे ठरवण्याची वेळ पाणी पोचल्यानंतरची नाही. ती आजची आहे.